शेवटाकडून लिहिलेलं गाव

करुणा साळवे गोष्ट शेवटाकडून लिहायची. आधी फटका ठरवायचा, मग तिथून मागे मागे येत सुरुवात गाठायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला कोणी काहीच शिकवलं नव्हतं. दहावीनंतर ती अमरावतीच्या एका छापखान्यात मजकूर टाइप करायला बसली, आणि दिवाळी अंकांच्या हंगामात लोकांच्या कथा टाइप करता करता तिच्या ध्यानात आलं, की निम्म्या लेखकांना आपण कुठे निघालोय हेच ठाऊक नसतं. विज्ञानकथावाल्यांचं तर बोलायलाच नको. चार पानं यंत्राचं कौतुक, दोन पानं प्राध्यापक आणि त्याच्या हुशार विद्यार्थिनीचा संवाद, शेवटी अखिल मानवजातीला उपदेश. त्या मानवजातीत घरी जाऊन पोळ्या लाटणारी एक बाई औषधाला सापडायची नाही.

"यंत्र कुणाच्या पोटावर येतं, ते सांगा ना," ती छापखान्याच्या मालकाला म्हणायची.

"तू लिही मग. टाइप करायचे पैसे नाही घेणार," तो म्हणाला.

तिने लिहिलं. समीक्षकांनी भडक म्हटलं, वाचकांनी अंक फाटेपर्यंत वाचले. तिच्या कथेच्या शेवटच्या परिच्छेदात काहीतरी कोसळायचंच. कधी धरण, कधी माणूस. एका साहित्य संमेलनात कोणीतरी तिला विचारलं, की तुमच्या लेखनात संयम का नाही. ती म्हणाली, "संयम ज्यांना परवडतो त्यांना विचारा." त्यानंतर तिला संमेलनाचं बोलावणं आलं नाही. पुण्याचं आलं.

पुण्यातल्या त्या संस्थेत डॉ. मृण्मयी लेले यांनी यंत्र बनवलं होतं. त्याचं नाव वाटाड्या. करुणाला वाटलं होतं, मोठं काहीतरी बघायला मिळेल. एका खोलीत एक टेबल, एक पडदा आणि दोन खुर्च्या होत्या.

"एवढंच?"

"यंत्र दुसरीकडे आहे, एका गोदामात," लेले हसून म्हणाल्या. "हे फक्त त्याचं तोंड."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एक गाव घ्यायचं. त्या गावातल्या, आणि गावाशी फोनने जोडलेल्या बाहेरच्याही, प्रत्येक माणसाची यंत्रात एक छाया बनवायची. फोनवर तो कोणाशी, किती, काय बोलतो, विजेचं मीटर कधी पळतं, रेशनच्या दुकानात कधी अंगठा लागतो, दवाखान्यात कशासाठी जातो, हे सगळं एकत्र केलं की सवयींचं एक गाठोडं तयार होतं. हे गाठोडं विचार करत नाही. पण तो माणूस अशा वेळी काय करेल, काय बोलेल, हे बहुतेकदा बरोबर सांगतं. अशा सगळ्या छाया एका गावात सोडायच्या आणि त्यांच्यासमोर एक 'जर' टाकायचा. जर नदी आटली तर. जर रोग आला तर. मग काळ पुढे पळवायचा.

"एकदा पळवून भागत नाही," लेले म्हणाल्या. "कोणाची बस चुकते, कोणाला ताप येतो, आणि पुढचं सगळं थोडं बदलतं. म्हणून हजारो वेळा पळवतो. प्रत्येक वेळची एक वाट. बहुतेक वाटा एकमेकींना चिकटून जातात. काही फुटतात, कळपातून बकरी फुटावी तशा. कळप कुठे चाललाय, ते बघायचं असतं."

"मग लेखक कशाला हवा?"

"याला 'जर' सुचत नाही. आणि याने काढलेले तक्ते कोणी वाचत नाही. मी वर्षानुवर्षं मंत्रालयात तक्ते पाठवले. साहेब लोक त्यावर चहाचा कप ठेवतात."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट घरी नेतात. बायकोला वाचून दाखवतात."

करुणाला हे पटलं. अट एकच होती. निवडलेल्या वाटेवर गोष्ट लिहायची, आणि खाली टीप द्यायची, की ही वाट कळपातली आहे की फुटलेली.

गाव कुठलं घ्यायचं, तर करुणाने आपलंच सुचवलं. वर्धा नदीच्या अलीकडचं हिवरखुटी. गावाची संमती घेतली गेली, म्हणजे सरपंचाची सही घेतली गेली. गावाची संमती म्हणजे काय असते, हे करुणाला चांगलं ठाऊक होतं. तरी ती गप्प बसली, कारण तिला गाव बघायचं होतं. आणि गावात तिची ताई होती.

विशाखाताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिनेच करुणाची वेणी घातली, हिनेच तिला टायपिंगला पाठवलं. नवरा वारल्यावर ताईने गावातल्या आयटीआयच्या पोरांसाठी खानावळ काढली. पोरं कुठकुठल्या गावांहून आलेली, वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, एवढा मोठा, की तो चुलीवर चढवायला दोघं लागायची. आयटीआय, खानावळ, त्यांच्या आधाराने दोन किराणा दुकानं, एक सायकलवाला, एक झेरॉक्सवाला. गाव त्यावर उभं होतं.

पहिल्याच आठवड्यात करुणाने ताईच्या छायेला हाक मारली.

"ताई, रात्रीसुद्धा गरमी उतरली नाही तर काय करशील?"

"काय करीन? पोराइले अंगणात झोपवीन. सैपाक पहाटेच उरकून घेईन," पडद्यातून ताईचा आवाज आला. तोच घोगरा, घाईतला. "तू जेवली का?"

करुणा 'हो, जेवले' म्हणून गेली. ताई प्रत्येक फोनवर हेच विचारायची, म्हणून छायाही विचारत होती. एवढंच होतं ते. पण त्या दिवसापासून करुणा रोज सकाळी काम सुरू करताना ताईशी बोलायची. गोष्टीतली एखादी बाई खोटी वाटली की विचारायची, "ताई, तू असं म्हणशील का?" छाया ताबडतोब उत्तर द्यायची. "असं कोण बोलते बाप्पा," म्हणायची. करुणा वाक्य बदलायची. तिचं लेखन सुधारलं. खऱ्या ताईला फोन करायचा राहून जायला लागला, पण तसं तिला वाटलंच नाही. ती तर रोज बोलत होती.

मग उन्हाळ्याचा 'जर' आला. करुणाचाच. दिवसाचं ऊन माणूस सोसतो, कारण रात्री अंग निवतं. हवेत दमटपणा आणि रात्रीही उष्मा राहिला, तर घाम वाळत नाही, अंग निवत नाही, हृदयाला रात्रभर ओझं वाहावं लागतं. असे उन्हाळे ओळीने आले तर? वाटाड्याने वाटा काढल्या. करुणा शेवट बघायला बसली, नेहमीसारखीच. आधी शेवट.

शेवट कंटाळवाणे होते. एकामागून एक. गावाने आयटीआयचा मोठा हॉल रात्री झोपायला उघडला. शेतातली कामं पहाटे गेली. लग्नं हिवाळ्यात सरकली, त्यावरून दोन घरांत भांडणं झाली. काही म्हातारी माणसं दगावली. त्यांच्या नावाने गावाने तळ्याकाठी झाडं लावली आणि त्यातली निम्मी बकऱ्यांनी खाल्ली. गाव टिकलं. कुरकुरत, शिव्या देत टिकलं.

"याची गोष्ट कशी करू?" करुणा स्वतःशीच म्हणाली. "बकऱ्यांनी झाडं खाल्ली, हा काय शेवट आहे?"

आणि तिला फुटलेली एक वाट दिसली. त्या वाटेच्या शेवटी भर दुपारी ताईची छाया वरणाचा गंज उपडा घालते, खानावळीला कुलूप लावते आणि बसमध्ये जाऊन बसते. मागे वळून बघत नाही. ती गेली, म्हणून पोरं जातात. पोरं गेली, म्हणून आयटीआय हलते. मग दुकानं. मग गाव. शेवटच्या चित्रात उपड्या गंजावर एक कावळा बसलेला होता. निदान करुणाने तो बसवला.

ती रडली. एका बैठकीत कथा लिहून झाली. 'रिकामा गंज.' तिने आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं. ताईचं नाव तेवढं बदललं.

लेलेंनी वाचली, चष्मा काढून पुसला. "विलक्षण आहे. टीप राहिली का खालची?"

"टीप नको."

"करुणा, ही फुटलेली वाट आहे. हजारात एखादी."

"कथेच्या खाली 'घाबरू नका, असं सहसा होत नाही' असं लिहायचं? जादूगाराने खेळ संपल्यावर पिशवी उलटी करून दाखवावी तसं? तुम्हाला ती घरी न्यायला हवी आहे ना त्यांनी?"

लेलेंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या टेबलावर कोणी न वाचलेल्या तक्त्यांचा ढीग होता. "बरं," त्या म्हणाल्या.

कथा घरी नेली गेली. नुसती घरी नाही, ती फोनाफोनांतून महाराष्ट्रभर फिरली. मंत्रालयात एका बैठकीत एका साहेबांनी ती मोठ्याने वाचली, असं कळलं. त्यानंतर जे झालं त्यात कोणी वाईट माणूस नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट. विमा कंपनीने हिवरखुटी 'रिकामं होऊ घातलेलं गाव' म्हणून बाजूला काढलं, कारण तिथे जोखीम होती. बँकेने कर्जं थांबवली, कारण विमा नव्हता. आयटीआय तालुक्याला हलवायचं ठरलं, कारण पोरांची काळजी होती. सगळ्यांनी शहाणपणाच केला. करुणाच्या हे तुकड्यातुकड्याने कानावर येत होतं, आणि खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिची छाती फुगली. लोक ऐकतायत. आयुष्यात पहिल्यांदा लोक ऐकतायत.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. खऱ्या ताईचा.

"काऊन वं, जिवंत हाय ना तू?"

"ताई, आपण कालच तर बोललो."

"काल? भीमजयंतीले येऊन गेली, तवापासून तुझा आवाज नाही आयकला म्या."

काल छायेने तिला विचारलं होतं, जेवली का.

"गोष्ट वाचली तुझी," ताई म्हणाली. "आयटीआयच्या सरानं मोठ्यानं वाचून दाखवली, समद्याइले. चांगली लिहिली. म्या गंज विकला."

"काय?"

"गंज विकला. मोडीत. आता पोरं चालली, मी बी चालली. नागपूरले लेकीकडे, स्नेहलकडे. रविवारच्या बसनं."

"पण कशाला?"

"आता मलेच विचारते?" ताईच्या आवाजात चेष्टा होती, पण थकलेली. "तूच तं लिहिलं ना. नाव बदललं म्हणून का मी माह्या हाताचा गंज वळखत नाही? म्या म्हटलं, करुणाले तिथं काहीतरी समजलं असन. सरकारात बसते ती. तोंडानं सांगता येत नसन, म्हणून गोष्टीत सांगते पोरगी. लहानपणापासून खोटं नाही बोलली तू. गावातले बी म्हणते, विशाखा चालली म्हणजे काहीतरी हाय."

फोन ठेवून करुणा उठली. मग वाटाड्यासमोर गेली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तिने केलं. ती वाट तिने सुरुवातीपासून लावली.

ऊन बाकीच्या वाटांएवढंच होतं. हॉल उघडला होता. पोरं अंगणात झोपत होती. ताई पहाटे स्वयंपाक उरकत होती. सगळं कळपासारखंच. मग एका दुपारी, काही कारण नसताना, एका छायेला दुसऱ्या छायेची काळजी वाटली आणि तिने फोन केला. "ताई, तिथलं काही खरं नाही. निघ तिथून." ती छाया पुण्यात राहत होती. ती करुणाची होती.

बाकीच्या वाटांवर करुणाच्या छायेने फोन केला नव्हता. त्यामुळे गाव टिकलं होतं. ह्या एका वाटेवर तिने भीती घातली होती, आणि ताईने ऐकलं होतं, कारण ताई तिचं ऐकायची. गाव उन्हाने उठलं नव्हतं. बहिणीच्या एका शब्दाने उठलं होतं. हे सगळं वाटेच्या तोंडाशीच होतं. बघायला फक्त सुरुवातीला जायला हवं होतं.

लेलेंना तिने सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. लेलेंनी शांतपणे पडद्यावर एक नवा 'जर' टाकला: जर 'रिकामा गंज' लोकांच्या हाती पडली तर. वाटाड्याने वाटा काढल्या. आता सगळा कळपच तिकडे वळला होता.

"म्हणजे आता ते खरं आहे," करुणा म्हणाली.

"आता ते शक्य आहे. खुलासा काढू. आजच."

खुलासा निघाला. त्यात तक्ता होता, टीप होती, दोघींची कबुली होती. ज्यांना कथा गेली होती त्या सगळ्यांना तो पाठवला. करुणाने मंत्रालयातल्या त्या साहेबांना फोन केला.

"हो हो, खुलासा आलाय, बघतो," साहेब म्हणाले. "पण मॅडम, त्या खानावळवाल्या बाईचं पुढे काय झालं हो? मिसेस विचारत होत्या. दुसरा भाग येणार आहे का?"

"ती बाई माझी बहीण आहे."

"वा," साहेब म्हणाले. "म्हणूनच इतकं जिवंत उतरलंय."

करुणाने फोन ठेवला. तोंडात आलेली शिवी तिने गिळली नाही; खोली रिकामी होती, म्हणून ती कोणाला लागली नाही, एवढंच.

शनिवारी ती निघाली, तेव्हा लेले फाटकापर्यंत आल्या. "जाण्याआधी एकदा पळवून बघू या का? तुम्ही तिथे गेलात तर काय होतं ते? तयारीने जाल."

"नको."

"बघण्यात काय नुकसान आहे?"

"जन्मभर शेवट बघूनच घराबाहेर पडले मी," करुणा म्हणाली. "काय दिवे लावले ते दिसतंय ना."

रविवारी जी बस हिवरखुटीला दुपारी पोचते, तीच चहा पिऊन परत फिरते. करुणा उतरली. झेरॉक्सवाल्याची पाटी उतरवलेली होती. सायकलवाल्याच्या दुकानापुढे फक्त तेलाचा काळा डाग उरला होता. खानावळीच्या पायरीवर ताई बसली होती, शेजारी दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी. चूल पोतेऱ्याने सारवलेली होती, जणू कोणी पाहुणे यायचेत. तिच्यावर काहीच नव्हतं.

"आली का," ताई म्हणाली. "पोचवाले आली?"

"नाही. सांगायला आले." करुणा खालच्या पायरीवर बसली आणि सांगून टाकलं. वाटा, कळप, फुटलेली बकरी, कापलेली टीप. गाव टिकणार होतं. मी टिकणारं गाव फेकून दिलं, कारण त्यात गोष्ट नव्हती. तू माझ्यावर भरवसा ठेवलास आणि मी तुला न विचारता तुझा गंज उपडा केला.

ताई ऐकत होती. मध्येच तिने पदराने मान पुसली.

"अन् ते जे यंत्रात हाय. माह्यासारखं बोलते म्हणते तू."

"हुबेहूब."

"रोज बोले तू त्याच्यासंग?"

"रोज."

"मग माही गरज काय होती तुले?" ताईने आवाज चढवला नाही. "काय करीन, काय बोलीन, समदं त्याले ठाऊक. मी इथं फोनकडे पाहून राहिली, का पोरगी कामात असन, कायले तरास द्यायचा. अन् तू तिथं माह्यासंगच बोलून राहिली. मलेच वगळून."

समीक्षकांना, साहेबांना, संमेलनवाल्यांना तोंडावर उत्तर देणारी बाई ती. पायरीवरचा एक खडा ती नखाने उकरत राहिली.

"आयटीआय जाणारच आता?" ताईने विचारलं.

"जाईल बहुतेक. मी भांडेन. पण मी सांगितलेलं कोणी ऐकेल, असं आता वाटत नाही."

"पहिल्यांदाच काहीतरी खरं बोलली."

चहाच्या टपरीवरून ड्रायव्हर उठला. बसमध्ये चार-पाच माणसं बसलेली होती. खिडकीतून सगळी ताईकडे बघत होती. ती चढली तर आपण निघालो ते बरोबर, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"विशाखाबाई, चालता ना?"

करुणाने तो प्रश्न विचारला, जो तिने यंत्रातल्या ताईला शंभरदा विचारला होता आणि ह्या ताईला एकदाही नाही.

"ताई, तू काय करशील?"

छायेने ताबडतोब उत्तर दिलं असतं. ताईने दिलं नाही. तिने बसकडे बघितलं, सारवलेल्या चुलीकडे बघितलं. मग जवळचं गाठोडं ओढलं, दातांनी गाठ सोडली आणि वाटेसाठी बांधलेल्या भाकरी बाहेर काढल्या. जेवली का, असं तिने विचारलं नाही. करुणाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, भाकर मोडली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि अर्धी तिच्या हातात दिली.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. खिडकीतल्या एका म्हातारीने हाक मारली. ताईने घास तोंडात घातला आणि हात वर केला. जा म्हणाली की थांब म्हणाली, ते ड्रायव्हरला कळलं नाही. त्याने जरा वेळ इंजिन तसंच चालू ठेवलं. मग बस हलली आणि रस्त्यावरची धूळ पायरीपर्यंत आली.

"आता दुसरी बस?" करुणाने विचारलं.

"उद्या."

"उद्या जाशील?"

ताई चावत राहिली. तिच्या कपाळावर दोन आठ्या होत्या. त्या रागाच्या, उन्हाच्या की हिशेबाच्या, हे करुणाला वाचता येईना. ह्या आठ्या यंत्रात नव्हत्या.

"आधी ते खाय," ताई म्हणाली. "हातात धरून नको बसू."